विधी सेवा पॅनलवरून भाडेकरूंचे दावे लढवणारं कुणी आहे का इथे?

काळाकोट_नवाकोरा :

नमस्कार मंडळी. पुण्यात वकिली करतो, चौथं वर्ष चालू आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (गरजूंना फुकट वकील देणारी सरकारी यंत्रणा) पॅनलसाठी अर्ज केला होता, त्यात नाव लागलं. (तीन वर्षं वकिली झाल्याशिवाय सहसा घेत नाहीत, म्हणून इतके दिवस थांबलो होतो.) कुठल्या प्रकारचं काम हवंय असं विचारलं, तेव्हा मी भाड्याचे दावे सांगितले, तेही भाडेकरूंच्या बाजूचे.

कारण साधं आहे. ज्या ऑफिसात मी जुनियर आहे तिथे आमचे बहुतेक पक्षकार घरमालक. समोर वकील नसलेला भाडेकरू उभा राहिला की दावा किती झटकन निकाली निघतो ते मी आमच्याच बाजूला बसून पाहिलंय. समन्स घेतलेलं असतं, पण माणूस येतच नाही. आला तर हातात पिशवी असते, कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) नसते.

सीनियरांना सांगितलं तर म्हणाले, "कर हौस. पदरमोड होईल आणि वर क्लायंटच्या शिव्या खाशील." त्यांचं सोडा, मला इथल्या कुणीतरी नीट सांगा. या कामात रोज नेमकं काय करावं लागतं? फीचं काय होतं? आणि भाडेकरू कधी जिंकतो का, की आपण फक्त तारखा वाढवत बसतो?

पेठेतली_वकील :

अभिनंदन. मी बरीच वर्षं हेच करते, त्यामुळे लांबण लागेल, आधीच सांगून ठेवते.

फीचं पटकन उरकू. ती थोडी असते आणि टप्प्याटप्प्याने मिळते. त्यावर घर चालत नाही, स्वतःची प्रॅक्टिस ठेवावीच लागते. क्लायंटकडून एक रुपया घ्यायचा नाही, तसा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांत स्पष्ट नियम आहे. "मॅडम, रिक्षाचे तरी घ्या" म्हणणारे भेटतील, घेऊ नका. पण कोर्ट फी, प्रोसेस फी, नकलांचा खर्च हे सगळं विधी सेवेतच येतं. रीतसर अर्ज करून ते मागा. मागायला लाजणारे पॅनलवर फार दिवस टिकत नाहीत, आणि तुमच्या सीनियरांच्या पदरमोडीतली निम्मी तिथेच होते.

आता खरं काम. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. त्यातलं कलम १५ आधी पाठ करा, कलम १६ (मालकाला ताबा मागता येण्याची कारणं) मग. थकबाकीच्या दाव्यात घर वाचवायचं साधन कायद्यानेच देऊन ठेवलंय. समन्स बजावल्यापासून ९० दिवसांच्या आत भाडेकरूने थकलेलं भाडं आणि अनुज्ञेय वाढ (कायद्याने चालणारी भाडेवाढ, करापोटीची धरून), वर वर्षाला १५ टक्के सरळव्याज असं कोर्टात भरलं, पुढे दावा निकाली निघेपर्यंत भाडं नियमित भरत राहिला आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला बाहेर काढता येत नाही. एवढं सोपं आहे. आणि एवढ्यावरच घरं जातात.

रकमा बघा. जुन्या वाड्यातली खोली, भाडं महिना १२० रुपये. तीन वर्षं थकलं तर मुद्दल ४,३२० आणि व्याज हजाराच्या आसपास. कराचा भाग वेगळा. मोबाइलसुद्धा येणार नाही एवढ्या पैशांत, पण ते वेळेत कोर्टात न गेल्यामुळे आजोबांच्या काळापासूनची खोली गेलेली मी पाहिली आहे. ९० दिवस समन्सपासून मोजतात, तुमच्या नेमणुकीच्या पत्रापासून मोजत नाहीत. क्लायंट आधी महिनाभर घाबरून घरी बसतो, मग नगरसेवकाकडे जातो, मग कुणीतरी विधी सेवेचं नाव सांगतं, मग अर्ज, मग उत्पन्नाचा कागद. तुमच्यापर्यंत येतो तेव्हा दिवस संपत आलेले असतात. म्हणून पहिल्या भेटीत कहाणी नंतर ऐका, आधी समन्सची तारीख बघा. तीही क्लायंटच्या तोंडची धरू नका, रेकॉर्ड काढून बेलिफचा, म्हणजे समन्स बजावणाऱ्या कोर्टाच्या माणसाचा, अहवाल वाचा. "मला दिवाळीनंतर मिळालं" म्हणणाऱ्या बाईच्या दारावर समन्स नवरात्रात डकवलेलं निघतं.

थकबाकी मुळात कशी होते हेही समजून घ्या. तुम्ही मालकांच्या ऑफिसात आहात म्हणून सांगते, ती पुष्कळदा केली जाते. माझ्या एक क्लायंट, धुणीभांडी करणाऱ्या. कसब्यात जिन्याखालची खोली आणि तिच्या मागे अंधारं स्वयंपाकघर. म्हातारे मालक होते तोवर दर महिन्याला पावती मिळायची. ते गेले आणि मुलगा "राहू द्या मावशी, नंतर बघू" म्हणू लागला. मावशींना वाटलं, भला माणूस. तरी त्या दर महिन्याला भाडं पाकिटात घालून बाजूला ठेवायच्या, आणि मुलगी पाकिटावर महिना लिहायची. माझ्या टेबलावर त्यांनी तो गठ्ठा ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा अगदी निश्चिंत होता. पैसे तयार आहेत, मग भांडण कसलं? मला त्यांना सांगावं लागलं की कायद्याच्या नजरेत पाकिटात ठेवलेलं भाडं हे दिलेलं भाडं नव्हे. मालक घेत नसेल तर मनीऑर्डर करायची, आणि "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आलेला कागद जिवापाड जपायचा. बँकेचा खाते क्रमांक माहीत असेल तर तिथे टाकायचे. थकबाकीची लेखी मागणी केल्यावर ९० दिवस गेल्याशिवाय मालकाला दावाच लावता येत नाही, म्हणजे नोटिशीच्या टप्प्यावर कुणी सल्ला दिला असता तर थकबाकीपायी कोर्टाची पायरी चढावीच लागली नसती. "मी तर द्यायला तयार होते, मग व्याज कशाचं?" हा त्यांचा प्रश्न होता. माझ्याकडे त्याला चांगलं उत्तर नव्हतं. व्याजासकट भरलं.

थकबाकीचा मुद्दा त्या दिवशी संपला, दावा संपला नाही. कारण शहाणा वकील दाव्यात एकच कारण कधी घालत नाही. थकबाकी, मालकाची स्वतःची गरज, विनापरवाना बांधकाम, सहा महिने वापर नाही, अशी माळच असते. त्यात खरी लढाई असते ती गरजेची, कलम १६(१)(g). मालकाची गरज खरी असली तरी तिथे गोष्ट संपत नाही. कलम १६(२) प्रमाणे ताबा दिला तर जास्त हाल कुणाचे आणि नाही दिला तर कुणाचे हे कोर्टाला तोलावं लागतं. जागेचा काही भागच देता येईल का हेही बघता येतं. तुमचा पक्षकार गरीब आहे म्हणून हे पारडं आपोआप तुमच्याकडे झुकेल अशा भ्रमात राहू नका. भाडेकरूने दुसरी जागा शोधायचा प्रयत्न तरी केला का, हे कोर्ट विचारतं. मी मावशींना मुलीबरोबर एजंटांकडे पाठवलं. कुठे गेलात, खोली केवढी, डिपॉझिट किती मागितलं, हे सगळं त्या पोरीने शाळेच्या वहीत लिहून आणलं. ते शपथपत्रात गेलं. उलटतपासणीत समोरच्यांनी अपेक्षेप्रमाणे विचारलंच :

"तुमची थोरली मुलगी कुठे राहते?"
"हडपसरला."
"स्वतःचं घर आहे ना?"
"आहे."
"किती खोल्या?"
"एक. त्यात सासू, नवरा नि दोन पोरं. मी गेले तर जावई जिन्यात झोपंल."

शेवटचं वाक्य मी शिकवलेलं नव्हतं. साक्षीदाराला पढवू नका, त्याला फक्त घाबरू नको म्हणा. निकाल मावशींच्या बाजूने लागला, मालक जिल्हा न्यायालयात अपिलात गेले, ते अपील अजून चालू आहे. मावशी अजून जिन्याखाली राहतात आणि दर महिन्याला भाडं कोर्टात भरतात. याला जिंकणं म्हणायचं का ते तुम्ही ठरवा. मी म्हणते.

हरलात तर मात्र वेगळंच गणित आहे. अपिलात स्थगिती मागायला गेलं की कोर्ट त्यावर अट घालू शकतं की अपील चालू असेपर्यंत जागेचा आजच्या बाजारभावाच्या जवळपास मोबदला भरा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या निकालापासून हे पक्कं झालंय. १२० रुपयांवाल्याला महिना काही हजार भरायला सांगितले तर त्याचं अपील कागदावर जिवंत आणि प्रत्यक्षात मेलेलं. म्हणून पहिल्या कोर्टातला पुरावा ढिला सोडायचा नाही. गरिबाला दुसरी संधी फार महाग पडते.

निवृत्त_नाझर :

मॅडमनी सगळं लिहिलंय, मी फक्त कोर्टाच्या पैसे भरायच्या खिडकीच्या आतल्या बाजूचं सांगतो. नोकरीभर भाड्याच्या रकमा जमा करून घेतल्या आहेत.

पहिली रक्कम सगळे धावतपळत भरतात. दावा बोंबलतो तो मधल्या महिन्यांत. पोरीचं लग्न निघालं, कुणी आजारी पडलं, तारीख चार महिन्यांनंतरची आहे, "तेव्हा एकदम भरू". समोरचा वकील हुशार असेल तर काही बोलत नाही. शेवटी युक्तिवादाच्या दिवशी तक्ता काढतो, अमुक महिन्याचं भाडं अमुक तारखेला, अमुक महिन्याचं भरलंच नाही. कायद्यात "नियमित" म्हटलंय. तेव्हा जमत असेल तर भाडेकरूला सहा महिन्यांचं आगाऊ भरायला लावा. १२० रुपयांच्या भाड्याला ते जड नाही.

दुसरं, आकडा. मालक नोटिशीत वाटेल ती रक्कम लिहितो. त्यातली पटते तेवढीच भरू नका. वादातली कराची रक्कमसुद्धा "हक्क राखून" असं अर्जात लिहून भरून टाका आणि मग भांडा. शंभर-दीडशे रुपये कमी पडले म्हणून गोत्यात आलेले लोक पाहिलेत.

वाडा_आमचाही_होता :

एकाच बाजूचं कौतुक चाललंय म्हणून लिहितो. आमचा नाना पेठेत वाडा, वडिलोपार्जित. आठ बिऱ्हाडं. भाडं प्रत्येकी ७५ रुपये. कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ करता येते, म्हणजे ३ रुपये. कौलं चाळायला माणूस बोलावला तर त्याची एका दिवसाची मजुरी आठ बिऱ्हाडांच्या महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त. पावसाळ्याआधी महापालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस मालकाच्या नावाने येते, भाडेकरूच्या नाही. भिंत पडली तर तुरुंगात मी.

१९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या दरात गोठवली आणि १९९७ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हे आता वाजवी राहिलेलं नाही. नवा कायदा आला, पण हातात पडली ती वर्षाला तीन रुपयांची वाढ, एवढंच. आणि माझ्या आठातल्या तिघांचे कोथरूडला फ्लॅट आहेत. खोलीला कुलूप लावून बिल्डरची वाट बघत बसलेत. त्यांना पण फुकट वकील द्या.

पेठेतली_वकील :

वाडेवाले काका, तुमच्याशी माझं वाटतं तेवढं भांडण नाही. भाडं गोठवण्याचा भार सरकारने मालकांच्या खिशातून काढला हे खरंच आहे, आणि त्यातून कुणीच वाडा दुरुस्त करेना हेही खरं. आता मोबदला हवा तर वाडा पाडूनच मिळतो, म्हणून सगळे पडायची वाट बघतात.

पण कोथरूडला फ्लॅट असलेला माणूस माझ्याकडे येत नाही, तो खाजगी वकील करतो. आणि कुलूप लावून बसलेल्यासाठी तुमच्या हातात कलम १६(१)(n) आहे : दाव्याच्या आधी सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय वापर नाही. विजेची बिलं मागवा, युनिट शून्य दिसले की त्यांना उत्तर देणं अवघड जातं. (नवाकोरा, हे तुम्ही उलट बाजूने वाचा. तुमची म्हातारी क्लायंट मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गावी लेकाकडे राहिली असेल तर दवाखान्याचे कागद आजच मागून घ्या. मालक ते बिल काढणारच आहे.)

फुकट वकिलाचं म्हणाल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ चं कलम १२ वाचा. महाराष्ट्रात उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ३ लाख आहे, पण स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अटच नाही. भाडेकरू की मालक असाही भेद नाही. एका दाव्यात भाडेकरूकडून मी आणि मालकीणबाईंकडून पॅनलवरचाच दुसरा वकील असं झालेलं आहे. दोघींनाही वाटायचं की आम्ही आतून मिळालेले आहोत. तुमच्या घरातल्या बाईच्या नावावर वाडा असेल तर त्याही अर्ज करू शकतात. खरंच करा.

आणि वाडा पाडला म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ते स्पष्ट केलंय. मी पाहिलेल्या वाईटातल्या वाईट केसेस कोर्टात हरलेल्या नाहीत. नोटीस आली, घाबरून खोली सोडली, बिल्डरच्या माणसाने दिलेल्या कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही केली, आणि आपण किती चौरस फुटांत राहत होतो याचा एकही कागद हातात नाही, या त्या केसेस. धोकादायक वाड्यात राहा असं मी कुणालाही सांगणार नाही. सोडण्याआधी मोजमाप, फोटो, पावत्या, वीजबिल आणि लेखी करार एवढं करा, मग खुशाल बाहेर पडा.

पावत्यांवरून आठवलं. नदीकाठच्या पेठांतले जुने भाडेकरू "पावत्या पानशेतच्या पुरात गेल्या" म्हणतात. समोरचे हसतात. १९६१ चा पूर हा या भागात थाप मारायला सोयीचा आहे हे मलाही माहीत आहे, पण खरोखर गेलेल्यांची घरंही मी पाहिली आहेत. अशा वेळी जुनी रेशनकार्डं, शाळेचे दाखले, मतदार यादी, पोस्टकार्डं, काहीही चालवून बघा. एका आजोबांचा वाड्यातला पत्ता त्यांच्या मुंजीच्या आमंत्रणपत्रिकेवर सापडला होता.

अकरामहिनेवाला :

मध्येच घुसतो, माफ करा. मी लिव्ह अँड लायसन्सवर राहतो, अकरा महिन्यांचा नोंदणी केलेला करार. तो दोन महिन्यांपूर्वी संपला, नवा केला नाही, मालक भाडं मात्र घेत होते. आता म्हणतात पंधरा दिवसांत खाली करा, नाहीतर कुलूप बदलतो. मला वरचं कलम १५ लागू होतं का? माझं उत्पन्नही ३ लाखांच्या आत आहे.

पेठेतली_वकील :

नाही हो दादा. तुम्ही भाडेकरू नाही, परवानाधारक. तुमचा विषय कलम २४. करारात जे लिहिलंय ते निर्णायक पुरावा मानतात. मुदत संपल्यावर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो, समन्स आल्यावर ३० दिवसांत शपथपत्रावर कारणं मांडून लढायची परवानगी मागावी लागते, आणि परवानगी मिळण्याजोगं कारण तुमच्याकडे दिसत नाही. मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांची दुप्पट रक्कम मागता येते, तीही डोक्यावर बसेल. दोन महिने भाडं घेतलं हे बोलून दाखवायला ठीक आहे, त्याच्या जोरावर दोन वर्षं काढायची स्वप्नं बघू नका.

म्हणून माझा सल्ला, खोली शोधायला लागा आणि मालकांकडून महिना-दीड महिन्याची मुदत लेखी मागा. व्हॉट्सॲपवर चालेल. डिपॉझिट कधी परत देणार तेही त्यातच लिहून घ्या.

कुलूप मात्र त्यांना बदलता येणार नाही. हक्क संपला असला तरी बाहेर काढायचं ते कायद्याच्या मार्गानेच. बदललंच तर त्याच दिवशी पोलिसांत लेखी तक्रार द्या. तिथे "सिव्हिल मॅटर आहे" असं ऐकायला मिळू शकतं, तरी पोच घेऊन या. विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो, आणि तिथे मालकी कुणाची हा प्रश्नच येत नाही. विधी सेवेचा हेल्पलाइन नंबर १५१००. उत्पन्नाचा दाखला मिळायला वेळ लागत असेल तर शपथपत्र पुरेसं धरता येतं, तसं कायद्यातच म्हटलंय. ते घेऊन जा.

काळाकोट_नवाकोरा :

ताई, नाझरसाहेब, खूपच कामाचं लिहिलंत. वाडेवाले काका, तुमचंही पटलं, मी तुमच्या बाजूने चार वर्षं कागद उचललेत.

एक विचारायचं राहिलं. लोकअदालतीत हे दावे मिटवावेत का? आमच्या ऑफिसात तर राष्ट्रीय लोकअदालत आली की मालकांना फोन सुरू होतात.

आणि दुसरं, पॅनलवरून पहिलं प्रकरण येतंय असं कळलंय, पत्र अजून हातात नाही. बाई मला कोर्टाच्या आवारातच भेटल्या. समन्स नक्की कधी मिळालं ते त्यांना आठवत नाही, "झाले असतील अडीच महिने" म्हणतात. थकबाकी अकरा हजारांच्या घरात, त्यात कराचा वाद. पैसे भावाकडून आणलेत. पत्र येईपर्यंत मी काही करू शकत नाही ना?

पेठेतली_वकील :

लोकअदालतीचं थोडक्यात. तिथल्या निवाड्यावर अपील नाही, हे क्लायंटला सही करण्याआधी दोनदा सांगायचं. पैसे घेऊन आणि वर्षभराची मुदत घेऊन खोली सोडणं हा काही जणांसाठी खरंच चांगला सौदा असतो, विशेषतः मालकाची गरज खरी आणि आपला पुरावा लंगडा असेल तेव्हा. माझ्या अटी दोनच : पैसे सहीच्या आधी किंवा त्याच वेळी, नंतर नाही. आणि क्लायंट पुढे कुठे राहणार त्याचा पत्ता मला माहीत असला पाहिजे. "बघू कुठेतरी" असं उत्तर आलं तर मी सही करू देत नाही.

आता तुमच्या बाई. पत्राची वाट बघू नका. भाडं भरायचा अर्ज पक्षकार स्वतःच्या सहीनेही देऊ शकतो. त्यांना उद्या सकाळी कोर्टात बोलवा, आधी रेकॉर्डमधला बेलिफचा अहवाल बघा. अडीच महिने म्हणजे कदाचित तुमच्याकडे आठवडा आहे, कदाचित तोही नाही. कराच्या वादात न शिरता पूर्ण रक्कम, व्याज १५ टक्क्यांनी, हक्क राखून. हिशेब दोनदा करा, दुसऱ्यांदा दुसऱ्या कुणाकडून करवून घ्या. ९० दिवस उलटून गेले असतील तरी रक्कम भराच, आणि समन्स रीतसर बजावलं होतं का ते अहवालात बारकाईने वाचा. कैफियतीची मुदतही उलटत असेल, तिचा अर्ज त्याच दिवशी. तुमची नेमणूक आली की वकीलपत्र मागून लावता येईल. विधी सेवेच्या कार्यालयात मात्र आजच जाऊन सांगा की मुदत संपत आलीय. तिथल्यांनाही तारीख दिसली की हालचाल करता येते.

निवृत्त_नाझर :

आणि सकाळी म्हणजे सकाळीच. अर्जावर आदेश, मग चलन, मग भरणा, यात दुपार होते आणि रोख घ्यायची वेळ संपते. बाईंना ओळखपत्र आणि समन्सची प्रत घेऊन बोलवा, भावालाही बोलवा. पावतीवर दावा क्रमांक बरोबर पडलाय का बघा, मी आकडा उलटसुलट झालेला पाहिलाय. पावतीची प्रत रेकॉर्डला लावून रोजनाम्यात (दाव्याच्या तारीखवार नोंदवहीत) नोंद झाल्याशिवाय घरी जायचं नाही.

काळाकोट_नवाकोरा :

बाईंना फोन केला. साडेदहाला येतायत. व्याजाचा तक्ता आत्ता करायला बसतोय, नाझरसाहेब, तुम्हाला व्यक्तिगत संदेशात पाठवू का, तपासून द्याल?

निवृत्त_नाझर :

पाठवा. महिन्यानुसार ओळी करा, एकदम सरासरी काढू नका.